मेष्ट्रूंची उसण

"आत्ते, पाय वर! मशीनचा आवाज येतोय हं मला!"

स्वयंपाकघरातून प्रार्थनाची हाक आली तेव्हा वेदवतीचा डावा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर होता, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टीत गुंडाळलेला उजवा पाय स्टुलावरून हळूच खाली उतरत होता. एका पायानं मशीन चालतं का, एवढंच तिला बघायचं होतं. चालत होतं, पण टाके असे पडत होते की गिऱ्हाइकानं साडी तोंडावर फेकली असती.

"बंद केलं की गं," ती म्हणाली, आणि तरीही आणखी वीतभर फॉल शिवून घेतला.

वेदवती कानडी मुलखात, विजयनगरात भावाच्या घरी राहायची. पणजोबा रंगारी, आजोबा रंगारी; रंगाचे हौद केव्हाच बुजले. भाऊ कडकोळच्या कारखान्यात नोकरी करून घरी बसला आणि हिनं पुढच्या खोलीत मशीन टाकून अर्ध्या विजयनगरच्या साड्यांना फॉल-पिको केलं. साठी उलटली तरी तिला रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता पोटरी फाटली होती, आणि दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट असलेल्या भाचीनं तिला पाय उशीवर ठेवून बसण्याची शिक्षा फर्मावली होती. त्यापेक्षा जेल बरा, असं वेदवतीचं मत होतं. तिथं निदान काम तरी देतात.

"वेदक्का आहेत का?" फाटकातून कुणीतरी विचारलं. पलीकडच्या रस्त्यावरची एक बाई कमरेवर हात ठेवून वाकडी उभी होती.

"वेदक्कांचाच पाय मोडलाय, अम्मा," नर्मदाबाईंनी, म्हणजे वेदवतीच्या वहिनीनं, तिला परस्पर वाटेला लावलं. "पुढच्या महिन्यात या."

"मोडला नाही!" वेदवती आतून ओरडली. पण बाई गेली होती.

लोक तिच्याकडे साड्या घेऊन यायचे तसे पाठी घेऊनही यायचे. वेदवती पायाळू, आईच्या पोटातून पाय पुढं करून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे तिच्या घरच्यांना जितकं ठाऊक तितकंच शेजारच्या कानडी लोकांनाही. रविवारी सकाळी, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, दुखणेकऱ्यानं दाराकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायचं. वेदवतीनं मागं उभं राहून डाव्या पायाची टाच त्याच्या पाठीला तीनदा लावायची आणि विचारायचं, "गेली?" त्यानं "गेली" म्हणून उठायचं आणि मागं वळून न बघता घरी जायचं. बसून पाय लावला तर गुण येत नाही. आणि डावा उचलायचा तर उभं राहायचं उजव्यावर. तो तर उशीवर.

"रविवारपर्यंत होईल ना गं पाय?" प्रार्थना बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आली तशी वेदवतीनं विचारलं.

"कुठला रविवार? आत्ते, आठवडे लागतील. सुम्ने पडून राहा, अष्टे, एवढंच."

'सुम्ने' म्हणजे उगी. वेदवतीला आयुष्यात न जमलेली ती एकच गोष्ट होती. आणि रविवारी मेष्ट्रु येणार होते, शेवटचे. सोमवारी सकाळी ते मुलीकडे हुब्बळ्ळीला निघणार होते, कायमचे. त्यांची उसण उतरवायची राहिली तर ती जन्मात पुन्हा उतरवता येणार नव्हती. हे भाचीला सांगायचं कसं, तेच तिला कळत नव्हतं.

मेष्ट्रु म्हणजे व्यासराज. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळी गल्ली त्यांना मेष्ट्रु म्हणायची, मास्तर. दोन रस्ते सोडून त्यांचं घर. बायको वारली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या पाठीत पहिल्यांदा उसण भरली, आणि तिनं पुढं त्यांचा पिच्छा सोडला नाही. महिना-दीड महिना झाला की रविवारी सकाळी मेष्ट्रु इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावर हजर. पाय लावून घ्यायचे, "गेली" म्हणायचे, आणि रिवाजाप्रमाणे मागं न बघता जायच्या ऐवजी पायरीवर बसून कॉफी प्यायचे. मग पाऊस, भाज्या, पूर्वीची पोरं अन् आताची पोरं. वेदवती मशीन चालवता चालवता हूं हूं करायची. तिला वाटायचं, बिचाऱ्याची पाठ फारच कमजोर आहे.

ते जाणार हे तिला, पाय धड होता तेव्हाच, वहिनीकडून भाजी निवडताना कळलं आणि त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तांबड्या साडीला हिरवा फॉल लावला. दुधाचं पातेलं जाळलं. ही तगमग मेष्ट्रूंच्या पाठीच्या काळजीनं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि स्वतःला ते पटलंही. त्याच आठवड्यात भजनी मंडळाच्या बायकांनी बेट्टदपुरची बस ठरवली.

"मीपण येते," वेदवती म्हणाली.

नर्मदाबाईंच्या हातातली पळी थांबली. "वन्सं, तिथला देव कोण माहीत आहे ना? सिडिलु मल्लिकार्जुन!"

सिडिलु म्हणजे वीज. आणि पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, हेही तितकंच सर्वांना ठाऊक. लहानपणी ढग दिसला की आई वेदवतीला माजघरात कोंडायची. पुढं दोन स्थळं याच कारणानं आल्या पावली परत गेली. घरावर वीज ओढवून घ्यायला कोण तयार होणार? तिसरं आलंच नाही. ज्या देवाच्या नावातच वीज, त्याच्या डोंगरावर तिला पाठवायची घरात कुणाची छाती नव्हती.

"मी खालीच बसते की, सगळ्यांच्या चपला सांभाळत," ती म्हणाली.

बसलीही. पण बायका पायऱ्या चढून दिसेनाशा झाल्या तशी तिनं चपला फुलवालीला सांभाळायला दिल्या, पदर खोचला आणि चढायला लागली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. जन्मभर जिच्या भीतीनं दारं लावून घेतली तिला एकदा समोरासमोर बघावं, एवढंच डोक्यात होतं. धापा टाकत वर पोचली. वारा असा की पदर हातात राहीना. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. "पाड की," ती मनात म्हणाली, "काय पाडायची ती पाड." काही पडलं नाही. एक माकड तिच्याकडे बघत शेंगा सोलत होतं, तेवढंच.

मग तिला भयंकर राग आला, कुणाचा ते नीट कळेना. त्या रागातच ती तरातरा उतरायला लागली. एका पायरीवर पाऊल अर्धवट टेकलं, आणि मागून कुणी पोटरीत दगड मारावा तसं झालं. तिनं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

घरी आणल्यावर नर्मदाबाईंनी नणंदेच्या प्रेमानं घात केला. एरंडेल कडकडीत गरम केलं, घोट्यापासून वर अंगठे दाबून दाबून चोळलं, वर मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. आपल्याकडे पाय मुरगळो, पाठ धरो, मान अवघडो, पहिलं तेल तापतं. सकाळी पोटरी दुधी भोपळ्यासारखी टम्म फुगलेली आणि निळी-जांभळी. दवाखान्यातून आल्या आल्या प्रार्थनानं कपाळावर हात मारला.

"अम्मा, आत रक्त वाहत होतं नि तू गरम करून चोळलंस? स्नायूचे धागे तुटलेत तिचे!"

"मला काय ठाऊक गं, आम्ही असंच करत आलो."

प्रार्थनानं आधी आत्याला डॉक्टरकडे नेऊन शिरेत गुठळी नाही ना हे तपासून घेतलं, मग पाय उशीवर चढवला आणि दोघींना समोर बसवून समजावलं. पहिले काही दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून आणि थोडा थोडा वेळ. पट्टी बांधायची, पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, ताणून बघायचं नाही. सूज उतरली की स्वल्प स्वल्प हलवायचा, मग टाचा उचलायच्या, मग चालणं. "अगदी पडून राहिलीस तर तो आखडणार, घाई केलीस तर पुन्हा तुटणार. आणि दुसऱ्यांदा तुटला की जास्त तुटतो, कळलं?"

वेदवतीला चांगलं कळलं. विरलेल्या साडीला जाळी पडली की ती ओढून बघायची नसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण साडी घडी करून कपाटात ठेवता येते. हा पाय घेऊन जायचं कुठं? ती खिडकीशी बसायची, मग कॉटवर, मग पुन्हा खिडकीशी. वहिनीनं चिरलेली भाजी पुन्हा चिरायची. रेडिओ लावायची, बंद करायची. प्रार्थना बाहेर गेली की भिंतीला धरून उजव्या पायावर उभं राहून बघायची. पोटरीतून कळ मस्तकात जायची आणि ती मुकाट्यानं उशीवर परत यायची.

रविवार उजाडला. मेष्ट्रु आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि कमरेवर हात.

"वेदवतीबाई, भरली बघा परत."

वेदवती मशीनचा आधार घेऊन उठायला लागली, तोच प्रार्थना मधे आली. तिचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. दवाखान्यात रोज अशा दहा पाठी बघणारी मुलगी ती. "आत्ते उभी राहणार नाही, अंकल. बघू, मी बघते. प्लीज, दोन मिनिटं."

मेष्ट्रूंचा चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा झाला. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. प्रार्थनानं त्यांना पुढं वाकायला लावलं. ते सरळ पायाच्या बोटांपर्यंत वाकले, मग आठवण झाल्यासारखे "आई गं" म्हणाले. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पालथं झोपवून एकेक पाय उचलला, कण्याच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या.

"इथं दुखतं?"

"हां, तिथंच."

"आणि इथं?"

"तिथंपण. जास्तच."

"मघाशी डाव्या बाजूला म्हणालात, अंकल."

मेष्ट्रु उठून शर्ट नीट करायला लागले. बटणं नीटच होती. "आता बरं वाटतंय की," ते पुटपुटले. "पर्वागिल्ला, काही हरकत नाही. सकाळी आठच्या सुमाराला गाडी येणार उद्या. बराय मग." दारात थांबले, वेदवतीच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं, "जपा हं," म्हणाले आणि कॉफी न घेताच निघून गेले.

प्रार्थना हसू दाबत होती. "आत्ते, या माणसाच्या पाठीला काहीच झालेलं नाहीये! स्नायू आखडला ना, की हाताला दोरखंडासारखा लागतो, माणूस एका अंगाला कलतो. यांची पाठ माझ्यापेक्षा चांगली आहे."

"आज नसेल. इतकी वर्षं होती."

"इतकी वर्षं सारखी उसण भरणाऱ्याची पाठ अशी नसते गं."

आधी वेदवतीला अपमान वाटला. दर खेपेला आपण "गेली?" म्हणून विचारलं आणि दर खेपेला तो माणूस "गेली" म्हणून उठला. नसलेली गेली! म्हणजे आपण इतकी वर्षं उंबऱ्यावर पाय उचलून सोंगाला टाच लावत होतो? कीव आली होती की काय त्यांना आपली? रिकामी बाई, पायाळू म्हणून लग्न नाही, हिला वाटू दे आपला काही उपयोग आहे असं? तिचे कान तापले. दुपारी तिनं जेवणाचं ताट तसंच सरकवलं तेव्हा नर्मदाबाई समोर येऊन बसल्या.

"मनाला लावून घेऊ नका, वन्सं."

"फसवलं मला त्या माणसानं."

"फसवलं कसलं? देशस्थ माध्व माणूस, बाहेरचं पाणी पीत नव्हता पूर्वी. तो रंगाऱ्याच्या लेकीची टाच खायला दर महिन्याला येतो, वर आपली कॉफी पितो, ते काय पाठ दुखते म्हणून? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुमच्याशिवाय."

वेदवतीनं मान वर केली. "आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगून काय व्हायचं होतं? तुम्ही दार लावून घेतलं असतं."

खरं होतं. तिनं दार लावून घेतलंच असतं. लोक काय म्हणतील म्हणून, भाऊ काय म्हणेल म्हणून, आणि ढग दिसला की माजघरात जायची तिला सवयच होती. नर्मदाबाईंनी ताट तिच्याकडे परत सरकवलं. वेदवतीनं भात कालवला आणि तिला रडू आलं. किती उशिरा कळावं माणसाला!

सोमवारी सकाळी प्रार्थना आंघोळीला गेली ती वेळ साधून वेदवतीनं भावाची लांब दांड्याची छत्री घेतली आणि फाटकाबाहेर पडली. दोन रस्ते म्हणजे एरवी पिशवी हलवत जाण्याइतकं अंतर. आज प्रत्येक पावलाला पोटरी ओढ घेत होती. ती थांबायची, कुणाच्यातरी कंपाउंडला टेकायची, पुन्हा निघायची. गाडी निघून गेली असली तर, या धास्तीनं तिला धड टेकवतही नव्हतं. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, चांगलं खडसावायचं होतं. अर्ध्या वाटेत त्यातलं निम्मं विसरलं.

गाडी दारातच होती. ड्रायव्हर टपावर गादी बांधत होता. मेष्ट्रूंची मुलगी विद्याश्री खोकी मोजत होती, आणि मेष्ट्रु हातात कुलूप घेऊन पायरीवर उभे होते.

"अय्यो, वेदवतीबाई! या पायानं चालत आलात?"

"मग काय डोक्यानं येऊ?" ती फाटकाला धरून म्हणाली. तिला दम लागला होता. "एक विचारायला आले. उसण खरी कधी होती, मेष्ट्रे?"

मेष्ट्रूंनी मुलीकडे बघितलं. मुलीनं एक खोकं उचललं आणि उगीचच घरात परत नेलं.

"पहिल्यांदा होती," ते म्हणाले. "आडातून बादली ओढताना भरली होती. तुम्ही पाय लावलात नि गेली. खोटं नाही सांगत, खरंच गेली."

"आणि पुढं?"

"पुढं..." ते कुलपाकडे बघत राहिले. "ती गेली याचंच वाईट वाटायला लागलं."

घोकलेलं राहिलेलं निम्मंही वेदवती विसरली. रस्त्यावरून दूधवाला गेला, त्यानं वळून बघितलं. ड्रायव्हर दोरीची गाठ मारायची थांबला होता. ती लंगडत पायऱ्या चढली, मेष्ट्रूंच्या पाठीमागं जाऊन घरात शिरली आणि म्हणाली, "बसा."

"अहो, पण तुमचा पाय..."

"बसा म्हणते ना."

मेष्ट्रु आपल्याच घराच्या उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. वेदवतीनं छत्री भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी चौकट धरली, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा उचलला. पोटरीत आत काहीतरी सुटत गेल्याचं तिला कळलं. प्रार्थनानं सांगितलेलं सगळं आठवलं, अगदी शब्दन् शब्द. तिनं टाच मेष्ट्रूंच्या पाठीवर ठेवली. एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली, आणि तिसऱ्यांदा लावली ती काढलीच नाही. शर्टाखालून त्यांचा श्वास तिला तळव्याला लागत होता. इतक्या वर्षांत तिनं तो कधी लागू दिला नव्हता. घाईघाईनं तीन ठोके मारून मशीनवर परत जायची.

पाय थरथरायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "गेली?"

मेष्ट्रूंनी हातातलं कुलूप उंबऱ्यावर ठेवलं.

"नाही गेली," ते म्हणाले, आणि बसल्या जागी वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

त्यानंतर फार काही झालं नाही. विद्याश्रीनं वेदवतीला बाहेर आणून पायरीवर बसवलं, पाणी दिलं, वाकून नमस्कार केला. कुलूप लागलं. किल्ली नव्या भाडेकरूसाठी शेजारच्या बाईकडे दिली. मेष्ट्रूंनी गाडीत बसताना डोकं आपटलं, सगळे थोडे हसले, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

प्रार्थना ओल्या केसांनी स्कूटर घेऊन आली तेव्हा वेदवती बंद घराच्या पायरीवर बसली होती. भाचीनं पट्टी सोडली, पोटरी चाचपली आणि तिचं तोंड उतरलं. "पुन्हा तुटलंय, आत्ते. आता पहिल्यापासून सगळं." मग तिनं आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खूप दुखतंय का?"

"दुखतंय की गं," वेदवती म्हणाली आणि भर रस्त्यावर, कुणाचीही पर्वा न करता, मोठ्यानं रडायला लागली.

शेजारची बाई हातात मेष्ट्रूंची किल्ली घेऊन फाटकाशी उभी होती. सुजलेल्या पायाकडे बघून तिनं हळहळून 'च् च्' केलं आणि कडक शेकायला सांगितलं. वेदवतीनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवून हो म्हटलं.